न दुखणारी जखम: एका मधुमेही मावशींच्या हिरड्या आणि अंगातला जुनाट दाह

"मॅडम, दुखत तर काय न्हाई, पण बरं पण वाटंना."

मागच्या वर्षी मृगाच्या सुमारास मावशी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि हे एवढंच बोलल्या. वय ५४. घरचं शेत, दोन म्हशी, मुलगा आणि सून. मधुमेह सात वर्षांपासून. त्यातली शेवटची दोन वर्षं त्या माझ्याकडेच औषध घेत होत्या, हे आधीच सांगते, कारण पुढे जे सापडलं ते त्या दोन वर्षांतही तिथेच होतं. मी पाहिलं नव्हतं. त्यांचं नाव-गाव इथे देत नाही, पण हे लिहायला त्यांची परवानगी आहे.

तक्रार नेमकी पकडता येत नव्हती. सकाळी उठतानाच अंग मोडून आलेलं. दुपारची भाकरी खाल्ली की डोळे मिटायला लागायचे. संध्याकाळी कसकस वाटायची, पण घरच्या थर्मामीटरवर ताप कधी दिसला नाही. गुडघे धरायचे. रात्री लघवीला तीनदा उठणं. "अंगात उष्णता हाय म्हनत्यात समदी," असं म्हणून त्यांनी बरोबर आणलेली पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.

त्या पिशवीबद्दल थोडं लिहायला हवं. मधुमेहाच्या दोन गोळ्या होत्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. कुणी तरी वर्षभरापूर्वी सुरू केलेली लोहाची गोळी होती. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी होती, निम्मी संपलेली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून त्या रोज एक घेत होत्या, कधी दोन. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल होत्या, पुण्याच्या भाच्यानं पाठवलेल्या. आणि एक पावडरीचा डबा, त्यावर लिहिलेलं 'सूज व दाह यावर गुणकारी'. या शेवटच्या दोन वस्तूंवर मुलाचे महिन्याला हजाराच्या वर पैसे जात होते. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. आईचं अंगातलं 'इन्फ्लमेशन' कमी करायचं, हे तो मोबाइलवर वाचून आला होता. हा शब्द आता गावोगाव पोचला आहे, आणि तो चुकीचा नाही. पण दाह कमी करायचा म्हणजे नेमकं काय कमी करायचं, हे कुणी सांगत नाही.

तपासणीत वजन ६१ किलो, उंची १५२ सेंटीमीटर, पोटाचा घेर ९२ सेंटीमीटर. भारतीय बायकांसाठी घेराची मर्यादा ८० धरतात. रक्तदाब ठीक. पायांना जखम नाही, संवेदना शाबूत. तीन महिन्यांची साखर सांगणारं एचबीए१सी ९.१ टक्के. हिमोग्लोबिन १०.२. अंगात दाह असला की वाढणारं ईएसआर ४८. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.१, म्हणजे त्यांच्या वयाच्या नि बांध्याच्या बाईला काठावरचं. हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ६.८.

सीआरपीचा आकडा पुढे वारंवार येणार आहे, म्हणून त्याच्याबद्दल इथेच सांगते. हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. १९३० साली अमेरिकेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. शरीरात कुठेही पेशी पेटून उठल्या, की त्या रक्तात इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप सोडतात. निरोप यकृताला पोचला की काही तासांत सीआरपी वाढू लागतं. हृदयविकाराचा धोका मोजताना १ च्या खाली ठीक, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त असं धरतात. १० च्या वर गेलं तर आधी एखादा ताजा संसर्ग शोधायचा. पण गाव कोणतं, घर कोणतं, हे सीआरपी सांगत नाही. कुठे तरी धूर आहे, एवढंच कळतं. म्हणून एका आकड्यावर कधी विसंबू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा केलं. ६.२ आलं. सर्दी-पडसं नव्हतं, पायात काटा मोडला नव्हता. म्हणजे धूर रोजचा होता.

पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता, वेदना. बोटात काटा गेला की चारही दिसतात, आणि तो दाह आपल्या भल्याचा असतो. पांढऱ्या पेशी धावतात, जंतू मारतात, जागा साफ करतात आणि आठवड्याभरात निघून जातात. जुनाट दाहात हे निघून जाणं होत नाही. कारण काटा आतच असतो, किंवा रोज नवा टोचला जातो. पेशी तिथेच मुक्काम ठोकतात, भोवतालचं चांगलं मांस खातात आणि निरोप सोडत राहतात. लाली दिसत नाही, ताप येत नाही, दुखत नाही. माणूस एवढंच म्हणतो की बरं वाटंना.

आपल्याकडे दाह म्हटलं की जळजळ आठवते, उष्णता म्हटलं की सब्जा नि ताक. त्यात लोकांची काही चूक नाही, शब्दच तसे आहेत. पण मावशींच्या अंगात जे चाललं होतं त्याला ताक पुरणार नव्हतं.

काटा शोधायला लागलो. आपल्याकडे पहिली शंका क्षयाची घ्यावीच लागते, त्यातून मधुमेह असला तर नक्कीच. छातीचा फोटो स्वच्छ, खोकला नाही, वजन घटलेलं नाही. लघवी स्वच्छ. थायरॉइड ठीक. आमवाताच्या दोन्ही तपासण्या नकारात्मक. गुडघे वयाचे झिजलेले होते, सुजून गरम झालेले नव्हते. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी.

चरबीचा वाटा होताच. पोटातली चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार नव्हे. ती स्वतः दाहाचे निरोप सोडते. १९९३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचा असा निरोप्या सापडल्याचं दाखवलं. तो इन्शुलिनचं काम अडवतो. आणि आपल्या लोकांत ही चरबी अंगाच्या आकारावरून ओळखूच येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. मावशींकडे बघून कुणी त्यांना जाड म्हणालं नसतं.

तरी हिशेब जुळत नव्हता. हिमोग्लोबिन वर्षभर लोह घेऊन जागचं हललं नव्हतं. फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह, ११० होतं, भरपूर वाटेल असं. पण रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह कमी. हे चित्र जुनाट दाहाचं असतं. दाह चालू असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि लोह पेशींत कुलूपबंद होतं. घरात दाणा आहे, पण कणगीला कुलूप. वरून कितीही गोळ्या ओतल्या तरी रक्त वाढत नाही. शिवाय फेरिटिन स्वतःच दाहात वाढतं, म्हणून त्या ११० वर विसंबून 'लोह भरपूर आहे' म्हणणंही बरोबर नाही. पोटावरच्या चरबीनं एवढं सगळं होईल, हे मला पटेना.

सापडलं ते अचानक. तिसऱ्या भेटीत मावशींचा घसा बसला होता म्हणून मी टॉर्च घेऊन "आ करा" म्हटलं. जीभ दाबायच्या आधीच वास आला. टॉर्च घशाकडे न्यायची ती दातांवर थांबली. दातांच्या मानेशी काळी कडा, तिच्याखाली पिवळं-तपकिरी कीट, हिरडी खाली सरकलेली, मुळं उघडी. खालचे समोरचे दात बोटानं हलवले तर ज्वारीचं ताट वाऱ्यानं डोलावं तसे डोलले.

"मावशी, हे किती दिवसांचं?"

"हालत्यात व्हय. धा वर्सं झाली आसतील. पर दुखत न्हाईत, म्हून कुनाला दावलं न्हाई. मशेरी लावली की घट हुत्यात."

मशेरी त्या पहिल्या बाळंतपणानंतर लावायला लागल्या. दाढ ठणकत होती, सासूबाईंनी बोटाला लावून दिली. मग ती सुटली नाही. त्या दिवशी त्यांनी कमरेची चपटी डबी काढून दाखवली. आठवड्यातून एकदा परसात चुलीवर तवा ठेवायचा, त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. त्या धुरानं शेजारची पोरं खोकतात. मग हातावर चुरून चाळायची नि डबीत भरायची. पहाटे उठल्यावर पहिली, त्याशिवाय पोट साफ होत नाही. मग चहाच्या आधी, जेवण झाल्यावर, म्हशीच्या धारा काढताना, झोपताना. दिवसाला पाच वेळा तरी. १९९२ साली सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. परसातल्या तव्याला ती बंदी कशी लागणार?

मी माझे जुने कागद काढून पाहिले. दोन वर्षांत पाय सात वेळा तपासले होते, डोळ्यांच्या पडद्यासाठी दोनदा पाठवलं होतं. तोंडाचा रकाना कागदावर नव्हताच. वैद्यकीय शिक्षणात तोंड दाताच्या डॉक्टरांच्या वाटणीला गेलं आणि आम्ही ते तसंच सोडून दिलं. याचं मला वाईट वाटतं, आणि हे लिहिण्याचं कारणही तेच आहे.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताच्या भोवती सहा ठिकाणी घालून खोली मोजली. निरोगी हिरडी दाताला चिकटलेली असते, फट १ ते ३ मिलिमीटर. मावशींच्या बऱ्याच दातांशी ती ५ ते ७ होती, तीन दातांशी ८. हाड निम्म्यानं खालावलेलं. निदान: पेरिओडॉन्टायटिस. हिरडी आणि दात धरून ठेवणाऱ्या हाडाचा जुनाट दाह.

या फटींच्या आतली बाजू म्हणजे उघडी, सोललेली जखमच. हिरडीच्या आत असल्यामुळे ती कुणाला दिसत नाही. तिचं क्षेत्रफळ मोजायचा प्रयत्न झालेला आहे: अशा आजारात सगळ्या तोंडातली मिळून ती ८ ते २० चौरस सेंटीमीटरपर्यंत भरते. आता कल्पना करा, एखादी मधुमेही बाई पायावर एवढी जखम घेऊन आली, पू असलेली, दहा वर्षांची. तिला आपण मधुमेहाची गोळी वाढवून घरी पाठवू का? सून तिला हात धरून दवाखान्यात आणेल, मुलगा शेतातलं काम टाकून येईल. हिरडीत होती, दुखत नव्हती, म्हणून सगळे गप्प. आणि त्या जखमेवरून रोज भाकरी चावली जात होती, प्रत्येक घासाबरोबर थोडे जंतू रक्तात ढकलले जात होते.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना खातात. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, आणि ऊतींत साखर चिकटून बसलेली प्रथिनं दाह भडकावत राहतात, म्हणून हिरडी लवकर सडते. उलट बाजूनं हिरडीतून सुटलेले निरोप इन्शुलिनचं काम अडवतात, म्हणून साखर उतरत नाही. १९९३ साली हिरड्यांच्या आजाराचे संशोधक हॅराल्ड लो यांनी या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंड, नसा, हृदय आणि रक्तवाहिन्या आम्ही पाठ केल्या. सहावी तोंडातच राहिली. तंबाखू यात दुहेरी घात करते. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, हे तर चांगलं नोंदलेलं आहे. रक्त येत नाही म्हणजे हिरडी बरी आहे, असं वाटतं. मशेरीनं दात 'घट' वाटायचे ते बधिरपण होतं.

पुढचा दीड महिना सोपा गेला नाही. पहिली अडचण, मावशी दात साफ करायला तयार नव्हत्या. "साफ केलं की दात पडत्यात," ही समजूत आमच्या भागात घराघरात आहे. त्यामागे अनुभव आहे, म्हणून ती झिडकारून चालत नाही. कीट दातांना एकमेकांशी चिकटवून ठेवतं, सुजलेली हिरडी दाताला वेढून असते. कीट निघालं, सूज उतरली की दात आहे तेवढाच सैल आहे हे पहिल्यांदा कळतं. मी त्यांना विचारलं, कूड वाळवीनं पोखरला आणि वारुळाच्या मातीनंच उभा राहिला, तर ती माती ठेवायची का? त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ डबी बोटात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "मला शेंगा खायला येतील का नंतर?" मी म्हटलं, कुटून खायला लागतील.

दोन बैठकांत हिरडीखालची मुळं खरवडून साफ केली, जागा बधिर करून. अगदीच निकामी झालेले तीन दात काढले. दोन आठवडे क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, त्यापुढे नाही, कारण ते रोज वापरायचं औषध नव्हे, दात रंगतात. मऊ ब्रश दोन वेळा, आणि दातांच्या फटींत घालायचे बाटली धुवायच्या ब्रशसारखे इवलेसे ब्रश. हे शेवटचं सुनेनं आरशासमोर बसवून शिकवलं. आठ दिवस दोघी एकमेकींवर चिडल्या होत्या.

मशेरी एकदम सुटली नाही. निकोटिनचं च्युइंगगम अशा हलत्या दातांना देण्यात अर्थ नव्हता, म्हणून कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी दिली. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. मुलानं लावून दिला, मावशी दोनदा बोलल्या. पाचवरून दोनवर आल्या, मग फक्त पहाटेची राहिली. पोट साफ होण्याचा प्रश्न खरा होता. त्यासाठी पहाटे कोमट पाणी, रात्री इसबगोल. सहाव्या आठवड्यात सुटली. श्रावणात नणंदेच्या गावी पूजेला गेल्या, तिथे बायकांच्या घोळक्यात डबी फिरली, पुन्हा सुरू झाली. अठरा दिवस. येऊन स्वतः सांगितलं. त्याबद्दल मी त्यांना काही बोलले नाही, नवी पट्टी लिहून दिली.

पिशवीतलं काय ठेवलं, काय काढलं? डायक्लोफिनॅक आधी बंद. ते दुखणं दाबतं खरं, पण मधुमेही मूत्रपिंडावर रोजचा मार होतो, आणि हिरडीतला काटा तसाच राहतो. गुडघ्यांसाठी लागेल तेव्हा पॅरासिटामॉल, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. हळदीच्या कॅप्सूलही बंद. यावर मुलगा नाराज झाला. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं आणि आतड्यातून ते फारच थोडं रक्तात जातं. ते शोषलं जावं म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात, आणि अशाच जोरकस कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आता आहेत. आमटीतली हळद, दुधातली हळद आजी देत होती तशी चालू द्या. पण कॅप्सूल दहा वर्षांच्या पुवाला पुरी पडेल, ही आशा खोटी आहे. पावडरीच्या डब्यावर घटकांची यादीच नव्हती, तो तसाच टाकून द्यायला सांगितला.

जेवणात फार उलथापालथ केली नाही. मोबाइलवरच्या कुठल्या तरी यादीवरून त्यांनी डाळ, वांगं, टोमॅटो सोडले होते आणि चार वेळचा साखरेचा चहा, त्यात बुडवलेले टोस्ट, हे चालूच होतं. डाळ परत आणली. मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकरी दोनवर, पालेभाजी वाढवली, जवसाची चटणी रोज. चहा दोन वेळा, बिनसाखरेचा, टोस्ट बंद. दोन्ही जेवणांनंतर वस्तीच्या वाटेवर पंधरा मिनिटं चालणं. आंघोळीच्या पाण्याची चूल दारातून हलवून परसाच्या टोकाला नेली आणि फुंकायला मावशींनी बसायचं नाही, असं ठरलं. धुरानंही फुप्फुसात दाह होतोच.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.० आलं. सीआरपी ३.४. हिमोग्लोबिन १०.९, लोहाची गोळी बंद असताना. वजन ५९. मधुमेहाच्या गोळ्या होत्या त्याच, तेवढ्याच.

यातलं हिरड्यांचं श्रेय किती? एका रुग्णावरून ते सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. एकाच वेळी मशेरी सुटली, टोस्ट सुटले, चालणं लागलं, सून रोज गोळ्या हातावर ठेवू लागली. मोठ्या अभ्यासांकडे पाहावं तर २०१३ साली अमेरिकेत ५१४ जणांवर झालेल्या चाचणीत हिरड्या साफ करून साखर उतरली नाही. त्यावर आक्षेप असा, की तिथे सफाईनंतरही तोंडात बराच मळ नि दाह उरला होता. २०१८ साली लंडनमध्ये २६४ जणांपैकी साधारण निम्म्यांवर वर्षभर नेटानं उपचार केले, तेव्हा त्यांचं एचबीए१सी बाकीच्यांपेक्षा ०.६ टक्क्यांनी कमी राहिलं. २०२२ साली वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं ३५ अभ्यास एकत्र मांडले: तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ टक्के घट. हे एका जादा गोळीच्या कामाच्या जवळपास जातं. मावशींचं १.१ नं उतरलं. त्यात बाकीच्या गोष्टींचा वाटा मोठा असणार.

तीन महिन्यांनी मी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुरू केलं. पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, चाळिशीपुढच्या मधुमेह्याला ते लागतंच. तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "आनि येक गोळी? औषदानंच प्वाट भरायचं का?" आता पिशवी निम्मी झाली होती, त्यामुळे ऐकलं. स्टॅटिननं कोलेस्टेरॉलबरोबर सीआरपीही उतरतं, त्यामुळे पुढच्या आकड्यांत त्याचाही भाग आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

मुलानं एकदा विचारलं, "मॅडम, दाह थेट बंद करणारं इंजेक्शन असतं म्हणे?" असतं. २०१७ साली त्याचा निकाल आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ च्या वर असलेल्या १०,०६१ जणांना दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅब हे दाह अडवणारं औषध किंवा नुसतं पाणी टोचलं. मधल्या मात्रेनं पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. कोलेस्टेरॉल न उतरवता नुसता दाह उतरवून हृदय वाचतं, हे पहिल्यांदा सिद्ध झालं. पण संसर्गानं दगावणारे वाढले, आणि एकूण मृत्यू तेवढेच राहिले. दाह हा गावचा राखणदारही आहे. त्याला झोपवलं तर चोर येतात. आमवातात, सोरायसिसमध्ये राखणदारच घरच्यांवर उलटलेला असतो, तिथे अशी औषधं लागतात आणि ती वरदान आहेत. मावशींच्या हिरडीत मात्र खरंच चोर बसलेला होता.

सहाव्या महिन्यात एचबीए१सी ७.६, सीआरपी २.६. नवव्या महिन्यात सीआरपी एकदम १४. मुलाचा रात्री साडेनऊला घाबरून फोन. विचारलं तर घरात सगळ्यांना तापाची साथ होती, मावशींना चारच दिवसांपूर्वी ताप येऊन गेला होता. अशा वेळी ही तपासणी करायचीच नसते. ती त्यांनी परस्पर केली होती. तीन आठवड्यांनी पुन्हा केली तर २.४. त्यानंतर मी त्यांना सांगितलं, सीआरपी आता वर्षातून एकदा, तेही मी सांगेन तेव्हा. पैसे वाचवून दर तीन महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण हिरडीखालचा थर काही आठवड्यांत पुन्हा बसायला लागतो. हा आजार आवरता येतो, पण गेलेलं हाड परत येत नाही.

या मृगात वर्ष झालं. एचबीए१सी ७.२, हिमोग्लोबिन ११.६, वजन ५७, क्रिएटिनिन ०.९. रात्री लघवीला एकदाच उठतात. संध्याकाळची कसकस गेली. बहुतेक दातांशी फट ३ ते ४ मिलिमीटरवर आली आहे. वरच्या डावीकडच्या एका दाढेशी मात्र अजून ७ आहे, दाबलं की पू येतो. दाताचे डॉक्टर काढू म्हणतात, माझंही तेच मत. मावशी ऐकत नाहीत. दिवाळीनंतर नातवाचं जावळ आहे, देवाला जायचं आहे, फोटोत गाल बसलेला नको म्हणतात. मी त्यांना कार्तिकी एकादशीपर्यंतची मुदत दिली आहे, आणि तोवर दर महिन्याला तोंड दाखवायला यायचं कबूल करून घेतलं आहे. परवा आल्या तेव्हा स्टुलावर बसता बसता, मी काही विचारायच्या आधीच, त्यांनी आ केला.